भूल, मेंदू आणि मेंदूभोवतीचे पाणी

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेल्या गाडीपुढे हा गिरणीकामगार आडवा झाला आणि चाकाखाली गेला. कापडाच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांना ही हकिकत नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या गावात, आणि भोवतालच्या मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या बाजारपेठांत, आज घरातील कोणाला शस्त्रक्रिया सांगितली की मंडळी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा थेट पुण्याकडे निघतात. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न वाटेतच ठरलेले असतात. खर्च किती, मुक्काम किती दिवसांचा, टाके केव्हा निघणार. आणि मग आवाज थोडा खाली आणून आणखी एक प्रश्न येतो: भूल पूर्ण देणार, की फक्त कमरेखाली?

या प्रश्नामागे खरी भीती असते ती निराळीच. पोटावर, गुडघ्यावर, डोळ्यावर शस्त्र चालणार हे माणसाने मनाशी मान्य केलेले असते. पण मेंदूवर काय होणार, हे कोणी सांगत नाही. उठल्यावर आजोबा आधीचेच आजोबा असतील ना, हिशेब त्यांना पूर्वीसारखा जमेल ना, नातवंडांची नावे आठवतील ना? मराठीने या अवस्थेला ‘भूल’ असा शब्द दिला तेव्हा विसरणे, चकणे आणि मोहात पडणे या तिन्ही अर्थांची छाया त्यावर पडली. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘संवेदना नसणे’ एवढाच आहे. आपल्या शब्दात मात्र मन कुठेतरी जाऊन परत येण्याची कल्पना आहे आणि त्यामुळेच, परत न आल्यास काय, ही धास्तीही आहे.

पुणे जिल्ह्यातील सर्वांत गाजलेली भूल १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीची. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा तीव्र दाह झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि कर्नल मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. क्लोरोफॉर्म देऊन झाले होते, पोट उघडलेले होते, आणि मध्येच विजेचे दिवे गेले. राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. पाच फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची सुटका केली. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाचा राजकीय भाग येतो. वैद्यकाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या काळी क्लोरोफॉर्म देणाऱ्यापाशी रुग्णाची नाडी, श्वास, डोळ्याची बाहुली आणि स्वतःचा अनुभव यापलीकडे फारसे काहीच नव्हते. मात्रा मोजण्याचे अचूक साधन नाही, रक्तातील प्राणवायू दाखविणारे यंत्र नाही, आणि मेंदूत काय चालले आहे याचा तर मागमूसही नाही.

तत्पूर्वीची कथा भारताच्या मातीतलीच आहे. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरच्या वाफेचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि पुढच्याच वर्षी ती वाफ कलकत्त्यात पोहोचली. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. ईथरपेक्षा तो गोड वासाचा आणि झटपट काम करणारा होता, पण अधूनमधून एखादा रुग्ण अचानक मरण पावे. हृदय आधी थांबते की श्वास, यावर विलायतेत कडाक्याचे वाद झाले. हा वाद सोडविण्यासाठी हैदराबादेत १८८८ व १८८९ असे दोनदा आयोग बसले. निजामाने पैसा पुरविला, रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी पुढे होते, दुसऱ्या खेपेस लंडनहून लॉडर ब्रंटन आले. मराठवाडा त्या काळी निजामाच्याच राज्यात होता. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी या कामात सहभागी झाली आणि पुढे जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत गणली गेली. आयोगाने निष्कर्ष काढला की श्वासाकडे लक्ष ठेवले तर हृदयाला धोका नाही. तो निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखविले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो. या आयोगांत शेकडो कुत्र्यांचे व इतर प्राण्यांचे जीव गेले. अहिंसा मानणाऱ्या वाचकाला ही गोष्ट टोचणार. ती टोचावीच. भूलशास्त्राचे पुष्कळसे ज्ञान अशाच मार्गाने आलेले आहे, आणि पुढे येणारी काही माहितीही त्याला अपवाद नाही.

कवटीतील जमाखर्च

वायूरूप भूल मेंदूत काय करते हे समजण्यासाठी आधी कवटीचा हिशेब समजून घ्यावा लागतो. प्रौढ माणसाची कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात तीनच वस्तू राहतात: सुमारे ऐंशी टक्के मेंदू, दहा टक्के रक्त आणि दहा टक्के ते स्वच्छ पाणी, ज्याला वैद्यकात मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी आणि नंतर जॉर्ज केली यांनी हा नियम मांडला की, पेटी वाढत नाही, म्हणून एक वस्तू वाढली तर दुसरीने जागा सोडली पाहिजे. तशी सोय काही काळ होते. ती संपली की दाब झपाट्याने चढतो.

या पाण्याला खेड्यातही नाव आहे, फक्त ते आजाराच्या निमित्ताने घेतले जाते: ‘मेंदूत पाणी झाले’, ‘पाठीतले पाणी काढले’. दोन्ही ठिकाणचे पाणी एकच. मेंदूच्या आतील पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे झुबके असतात. त्यांतून ते तयार होते, मेंदूभोवती व मणक्यातून फिरते आणि शेवटी शिरांतील रक्तात परत मुरते. एका वेळी ते असते सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढे. पण दिवसभरात तयार होते जवळपास अर्धा लिटर. म्हणजे सगळा साठा दिवसातून तीन ते चार वेळा बदलतो. मेंदूचे वजन चौदाशे ग्रॅमच्या आसपास असले तरी या पाण्यात तो तरंगत असल्याने तळाला त्याचा भार पन्नास ग्रॅमइतकाच जाणवतो. दुकानदाराला हे चटकन उमगावे: आवक आहे, जावक आहे, शिल्लक ठरलेली आहे. आवक वाढली किंवा जावक तुंबली की गोदाम भरते, आणि या गोदामाला भिंती सरकवण्याची सोय नाही.

आता वायूकडे वळू. हॅलोथेन, एन्फ्लुरेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेस्फ्लुरेन ही नावे एकाच घराण्यातील आहेत. ही सर्व द्रव्ये पातळ स्वरूपात बाटलीत असतात. यंत्रात त्यांची मोजून वाफ होते, ती प्राणवायूबरोबर फुप्फुसात जाते, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्केच, पण एकूण प्राणवायूपैकी वीस टक्के तो वापरतो आणि त्याला रक्तही तसेच भरघोस मिळते. म्हणून वाफ तेथे लवकर पोहोचते. हॅलोथेन १९५१ साली तयार झाले आणि १९५६ मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात प्रथम रुग्णांना देण्यात आले. ज्या शहराचे कापड अडविण्यासाठी बाबू गेनूंनी प्राण दिला, त्याच शहरातून आलेली ही वाफ पुढे अनेक वर्षे भारतातील लहानमोठ्या शस्त्रक्रियागृहांत वापरली गेली.

पेशींच्या पातळीवर ही वाफ काय करते? मज्जापेशींना शांत करणारे जे दरवाजे असतात, विशेषतः ‘गाबा’ नावाच्या द्रव्याने उघडणारे, ते ती अधिक वेळ उघडे ठेवते. उत्तेजित करणाऱ्या काही वाटा अडविते. मेंदूतील निरनिराळे भाग एकमेकांशी बोलेनासे होतात. यालाच आपण झोप म्हणतो, पण ही झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठविता येते. भुलीतल्या माणसाचे तसे नाही. आणि त्याच्या मेंदूच्या विद्युतलहरीही निद्रेपेक्षा गाढ बेशुद्धीच्या अधिक जवळ जातात. आयसोफ्लुरेनची मात्रा वाढवत नेली तर त्या लहरी काही काळ अगदी सपाट होतात, आणि मात्रा कमी केली की परत येतात.

मेंदूचे काम मंदावले म्हणजे त्याची भूकही कमी होते. त्याला प्राणवायू कमी लागतो. एरवी भूक कमी झाली की रक्ताचा पुरवठाही आपोआप कमी होतो. वायूरूप भुलीत येथेच एक विसंगती आहे. या वाफा मेंदूतील रक्तवाहिन्या सैल करतात. मागणी घटते पण माल मात्र वाढीव येत राहतो. हॅलोथेन यात सर्वांत पुढे. आयसोफ्लुरेन आणि सेवोफ्लुरेन बऱ्याच सौम्य, विशेषतः मात्रा बेताची असेल तर. निरोगी मेंदूला याचे काही वाटत नाही, कारण रक्त वाढले तर पाणी थोडे बाजूला सरकते. पण कवटीत आधीच सूज असेल, गाठ असेल, रक्त साकळले असेल, तर तेथे तसूभर जागा उरलेली नसते.

आणि त्या पाण्याचे काय? १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲलन आर्ट्रू यांनी हा हिशेब बारकाईने तपासला, तोही कुत्र्यांवर. एन्फ्लुरेन पाण्याची आवक वाढविते आणि जावकही अडविते, म्हणजे दुहेरी तोटा. हॅलोथेन आवक कमी करते, पण जावक अडविते. आयसोफ्लुरेन आवकीला हात लावत नाही आणि जावक मोकळी ठेवते. एन्फ्लुरेन उच्च मात्रेत, विशेषतः श्वास जलद दिल्यास, मेंदूत झटक्यांसारख्या लहरीही उत्पन्न करते. या सर्वांचा परिणाम असा झाला की मेंदूच्या शस्त्रक्रियांतून एन्फ्लुरेन आणि हॅलोथेन मागे पडली आणि आयसोफ्लुरेन व नंतर सेवोफ्लुरेन पुढे आली. तरी एक तारतम्य राखावे लागते. पाणी तासाला वीसेक मिलिलिटरच तयार होते. त्यातील फरक जाणवायला तास लागतात. रक्ताचा फरक मिनिटांत जाणवतो. म्हणून मेंदूचा दाब वाढण्याचे पहिले कारण भूलतज्ज्ञ नेहमी रक्तात शोधतो. श्वासातील कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी मेंदूतील रक्तप्रवाह लगेच वाढतो: त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने चढला तर प्रवाह सुमारे तीन ते चार टक्क्यांनी. त्यामुळे मेंदूच्या रुग्णाला भूल देताना डोके उंचावर ठेवणे, मान वळू न देणे आणि श्वास नीट चालू ठेवणे या साध्या गोष्टी औषधाच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

अंड्यातील लेसिथिन

पुणे–नाशिक रस्त्यावर दुचाकी घसरून डोक्याला मार लागलेला तरुण रुग्णालयात आणला जातो, तेव्हा वरील सर्व हिशेब एकदम खरा होतो. मेंदू सुजत असतो आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. अशा वेळी पुष्कळ भूलतज्ज्ञ वाफेचा भर कमी ठेवून शिरेतून देण्याच्या औषधांकडे वळतात. त्यांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे म्हणजे प्रोपोफॉल, दुधासारखे पांढरे दिसणारे. ते मेंदूची भूक कमी करते आणि रक्तप्रवाहही कमी करते, त्यामुळे कवटीतील दाब उतरतो. वाफेची विसंगती त्यात नाही.

पण प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते सोयाबीनच्या तेलात घोळलेले असते, आणि ते तेल पाण्यात एकजीव राहावे यासाठी अंड्याच्या बलकातून काढलेले लेसिथिन त्यात घातलेले असते. उलट सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन या वाफा निखळ रासायनिक आहेत. त्यांत प्राणिज काहीही नाही. जैन घरात ही माहिती कोणी दिली तर ती सहसा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मोबाइलवर फिरत येते, आणि मग पहाटे घरात वाद पेटतो. या वादाला रात्रीची वेळ योग्य नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांकडून जी तपासणी होते, त्या वेळी ही अडचण सरळ मांडावी. पर्याय असतात. थायोपेंटोन हे जुने औषध कृत्रिम आहे आणि तेही मेंदूचा दाब उतरविते. लहान मुलांना तर सुरुवातही सेवोफ्लुरेन हुंगवूनच करता येते. मात्र डोक्याला मार लागलेल्या, उलट्या करणाऱ्या, शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णापुढे पर्याय मोजण्यास अवकाश नसतो. तेथे निवड भूलतज्ज्ञांवरच सोपवावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तेवढे आधीच ठरवून ठेवावे, हेच शहाणपणाचे. पापपुण्याचा प्रश्न ज्यांना गुरुमहाराजांपुढे मांडावयाचा असेल त्यांनी तो घरातील सर्व जण धडधाकट असताना मांडावा.

हसविणारा वायू आणि शाकाहाराचे रक्त

आतापर्यंत ज्या वायूचे नाव आले नाही तो सर्वांत जुना: नायट्रस ऑक्साइड, लोकांच्या बोलण्यातला ‘हसविणारा वायू’. तो एकटा पूर्ण भूल देऊ शकत नाही. सेवोफ्लुरेनची दोन टक्के वाफ निम्म्या प्रौढांना शस्त्राच्या स्पर्शाखाली निश्चल ठेवते, हॅलोथेनची पाऊण टक्का. नायट्रस ऑक्साइड त्यासाठी शंभर टक्क्यांहून अधिक लागेल, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबात ते अशक्यच. म्हणून तो नेहमी जोडीला येतो, प्राणवायू आणि एखाद्या वाफेसह. तो स्वस्त आहे, वेदना कमी करतो, दातांच्या दवाखान्यातही असतो. कवटीत हवा अडकलेली असेल तर तो त्या पोकळीत घुसून ती फुगवितो, हा धोका भूलतज्ज्ञ जाणून असतात. दुसरा धोका मात्र रुग्णाच्या ताटातून येतो, आणि तो कागदावर दिसत नाही.

नायट्रस ऑक्साइड शरीरातील बी-१२ या जीवनसत्त्वाचा गाभा असलेल्या कोबाल्टवर आघात करतो आणि ते जीवनसत्त्व निकामी करतो. मज्जातंतूंवरचे वेष्टन नीट राहण्यासाठी बी-१२ लागते. ज्याच्याकडे साठा भरपूर आहे त्याचे दोन तासांच्या भुलीने काही बिघडत नाही. ज्याचा साठा तळाला गेलेला आहे त्याला मात्र शस्त्रक्रिया उत्तम पार पडल्यावर काही आठवड्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो, कधी स्मृतीही ढासळते. मणक्यातील मज्जारज्जूच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यांचा हा ऱ्हास असतो. टाके केव्हाच सुकलेले असल्याने याचा शस्त्रक्रियेशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ‘वय झाले’ असे म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. १९८६ मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हाच प्रश्न उघडपणे विचारला गेला: बी-१२ कमी असलेल्यांना नायट्रस ऑक्साइड धोक्याचे आहे काय? उत्तर दुर्दैवाने होकारार्थी आहे.

बी-१२ वनस्पतींत नसते. ते सूक्ष्म जीव तयार करतात आणि शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ही कमतरता किती पसरलेली आहे हे दाखविण्याचे मोठे काम पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत पुणे व भोवतालच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. ही संख्या परदेशातील नाही, आपल्याच जिल्ह्याची आहे. चहात घोटभर दूध, वाटीभर ताक, वर्षाकाठी अनेक उपवास आणि वयानुसार मंदावलेली पचनशक्ती, शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षे चालू असलेले मेटफॉर्मिन, जे बी-१२ आणखी कमी करते. मध्यमवयीन जैन व्यापाऱ्याचे हे चित्र फारसे अतिशयोक्त नाही.

यावरचा उपाय इतका साधा आहे की त्याची कोणी दखल घेत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे रक्तात बी-१२ पाहावे. कमी असेल तर इंजेक्शने किंवा गोळ्या घेऊन भरून काढावे. आणि तातडीची शस्त्रक्रिया असेल तर ‘रुग्ण जन्मापासून शाकाहारी आहे, बी-१२ कधी तपासलेले नाही’ एवढे एक वाक्य भूलतज्ज्ञांना सांगावे. नायट्रस ऑक्साइड वगळून हवा व प्राणवायूचे मिश्रण देणे हे भूलतज्ज्ञांच्या हातचे काम आहे. बी-१२ ची औषधे जिवाणूंच्या किण्वनाने बनतात; त्यांत प्राणिज अंश येतो तो कॅप्सूलच्या जिलेटिनच्या वेष्टनातून, म्हणून गोळी मागावी.

वृद्धांचे मन, आणि चौविहार

वयोवृद्धांबाबत भीती खरी आहे, पण तिचे स्वरूप समजून घ्यावे. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. साठ वर्षांपुढील, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची स्मृती व विचारशक्ती तपासली असता एका आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के आणि तीन महिन्यांनंतर सुमारे १० टक्के जणांत घट दिसली. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे बहुतेकांचे मन पूर्ववत होते, पण सगळ्यांचे नाही. याहून वेगळी आणि अधिक भेदरविणारी अवस्था म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्यातिसऱ्या दिवशी होणारा भ्रम. आजोबा रात्री उठून गल्ल्याची चावी मागतात, सुनेला ओळखत नाहीत, सलाईन ओढून काढतात आणि सकाळी शांत असतात. घरचे लोक याचा दोष ‘पूर्ण भुली’ला देतात.

दोष तेथे आहे काय? खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवर अमेरिकेत आणि चीनमध्ये अलीकडे मोठ्या चाचण्या झाल्या. अर्ध्या रुग्णांना पाठीत इंजेक्शन, अर्ध्यांना पूर्ण भूल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत भ्रमाचे प्रमाण एका गटात २०.५ तर दुसऱ्यात १९.७ टक्के होते. चिनी चाचणीतही फरक आढळला नाही. पाठीतील इंजेक्शन म्हणजे औषध थेट त्याच पाण्यात सोडणे. १८९८ मध्ये जर्मनीच्या ऑगुस्ट बीअर यांनी सुरू केलेली ही रीत आज तालुक्याच्या ठिकाणीही रोजची आहे आणि पुष्कळ शस्त्रक्रियांना ती उत्तमच. पण ती घेतली म्हणून मन सुरक्षित आणि वाफ घेतली म्हणून धोक्यात, असे म्हणण्यास आधार नाही. शस्त्राचा आघात, शरीरभर उसळणारा दाह, वेदना, अनिद्रा, निर्जलीकरण हे सारे मिळून मेंदूला हेलकावतात.

त्या पाण्यानेही येथे साक्ष दिली आहे. ज्या थोड्या रुग्णांच्या पाठीत अन्य कारणासाठी नळी होती, त्यांचे पाणी शस्त्रक्रियेनंतर तपासले असता दाहदर्शक द्रव्ये आणि ‘टाऊ’ हे मज्जापेशींतील प्रथिन वाढलेले दिसले. अल्झायमरशी जोडले जाणारे अमायलॉइड मात्र बदलले नव्हते. भूल घेतल्याने अल्झायमर होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. झोपेत हे पाणी मेंदूतील कचरा धुऊन नेते, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने नेमके उलट सांगितले, की झोपेत व भुलीत सफाई मंदावते. वाद चालू आहे, आणि त्याच्या जोरावर ‘डिटॉक्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

वयाचा एक हिशेब मात्र पक्का आहे. चाळिशीनंतर दर दशकाला वाफेची गरज सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते. ऐंशीच्या माणसाला चाळिशीतल्यापेक्षा पाव हिस्सा कमी पुरते. म्हणून वय दोन-चार वर्षे कमी सांगण्याची हौस भूलतज्ज्ञांपुढे करू नये.

राहिला उपवासाचा विषय. भुलीपूर्वी जड अन्न सहा ते आठ तास बंद, हे सर्वांना ठाऊक असते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे फार थोड्यांना. चौविहार पाळणारी आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही. तिची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लागली, तर उन्हाळ्यात एकोणीस तास आणि हिवाळ्यात वीस तास ती कोरडी राहते. रक्तदाब घसरतो, मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते, आणि भ्रमाची शक्यता वाढते. तिने व्रत मोडावे असे कोणी म्हणत नाही. सूर्योदयानंतर, डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळेपर्यंत पाणी घेता येते, आणि शस्त्रक्रिया दिवसातील पहिल्या क्रमांकावर लावून मागता येते. अठ्ठाई वा त्याहून दीर्घ तपाच्या पारण्यानंतर लगेच ठरलेली शस्त्रक्रिया ठेवू नये. रक्तातील क्षार स्थिरावायला अवधी लागतो. व्रताची गोष्ट लपवून ठेवणारा रुग्ण भूलतज्ज्ञांना अंधारात ठेवतो, आणि त्या खोलीत अंधार कोणालाच परवडत नाही.

लहान मुलांविषयी पालकांना थोडा दिलासा आहे. हर्नियासाठी एका तासाच्या आत सेवोफ्लुरेनची भूल घेतलेल्या तान्ह्या बाळांची आणि जागेपणी कमरेखाली बधिर केलेल्यांची पाच वर्षांपर्यंत तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बुद्धीत फरक आढळला नाही. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांपेक्षा दीर्घ किंवा वारंवार भूल द्यावी लागत असेल तर ती टाळता येण्याजोगी आहे का, हे विचारावे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तशी सूचना दिली आहे.

भूलपूर्व तपासणीस जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या, मागील शस्त्रक्रियांचे कागद, बी-१२ चा अहवाल आणि घरात कोणाला भुलीत त्रास झाला असल्यास त्याची माहिती बरोबर न्यावी. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या व कोणत्या थांबवायच्या, हे तेथेच लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाला त्याचा चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्या तासात परत द्यावे, रात्री दिवा मंद ठेवावा, आणि त्याच्या उशाशी अशी व्यक्ती बसवावी जिचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे.